समुद्र दूर आहे म्हणून?

कोकणपट्टीत वादळ झाले, दरडी कोसळल्या, खाडीचे पाणी गावांत शिरले, अशा वार्ता येऊ लागल्या म्हणजे खानदेशातील सुशिक्षित वाचक त्या मोठ्या कळवळ्याने वाचतो. मदतनिधीस यथाशक्ति रक्कम देतो. आणि मनातल्या मनात म्हणतो की, ऊन सोसावे लागते हे खरे, पण आपल्याला समुद्र नाही ही परमेश्वराची कृपा! आता मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. धरणगावच्या पेठेत बी-बियाण्याची आणि पहिल्या सरीची चर्चा चालू आहे. नाल्याची, पुलाची आणि पुराची चर्चा मात्र कोठेच कानी पडत नाही. हा निर्धास्तपणा हाच आमच्या मते या प्रदेशावरील सर्वांत मोठा धोका होय. म्हणूनच आज पहिल्या पानावर हा विषय मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

'आमच्याकडे असे काही होत नाही' हे वाक्य किती महाग पडते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या टापूत मोडत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथील माणसे जाड दगडी भिंतींच्या घरांत झोपली होती. त्या भिंतींनीच त्यांचा घात केला आणि हजारो जीव गेले. धरणीकंप निसर्गाने केला, हे कबूल; परंतु मातीत रचलेल्या दगडांची ती भिंत माणसाने उभारली होती. संकट निसर्गाकडून येते, त्याची आपत्ती मात्र आपल्या घरबांधणीने, वस्तीने आणि बेसावधपणाने होते. हा भेद एकदा नीट उमगला, म्हणजे 'दैवाधीन' म्हणून सोडून देण्याजोगे फारच थोडे उरते.

आता आपल्या भूमीकडे पाहावे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून वाहणारी तापी. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या तिला मिळतात. डोंगरउतारावरून येणारे ओढे-नाले वर्षातील आठ महिने कोरडे असतात. कोरडे असतात म्हणूनच त्यांच्या पात्रांत टपऱ्या, गोठे, भिंती आणि पुढे पक्की घरे उभी राहतात. परंतु डोंगरावर एका रात्रीत पाऊस कोसळला, की त्या नाल्याला आपली जुनी वाट आठवते. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा यांना आलेल्या महापुरात धुळ्याची शेकडो घरे वाहून गेली. ही जुनी कथा झाली असे कोणी म्हणेल, तर ऑगस्ट १९२१ नव्हे, ऑगस्ट २०२१ ची अखेर आठवावी. त्या वेळी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात आणि आसपासच्या खेड्यांत शिरले, दावणीला बांधलेली शेकडो जनावरे बुडाली, आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. हाच तो औट्रम घाट. ज्या औट्रमने १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभी केली, त्याचेच नाव या घाटाला आहे. चाळीसगाव काही परमुलूख नव्हे.

आणि समुद्र तरी खरोखर आपल्यापासून दूर आहे काय? मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाणारी तापी सुरतेपलीकडे सागरास मिळते, आणि तिच्या खोऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. आपल्या डोंगरांवर पडलेला पाऊस हाच सुरतेचा पूर होतो. १९६८ मध्ये सुरतेने भीषण महापूर पाहिला. पुढे १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले आणि लोकांना वाटले, आता भय संपले. त्या भरवशावर शहर नदीच्या अगदी कुशीत वाढत गेले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लक्ष क्युसेक्सपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. जलाशय लवकर भरून घेण्याची इच्छा आणि पुरासाठी जागा मोकळी ठेवण्याची गरज यांचा मेळ बसला नाही, अशी टीका तेव्हा झाली. धरणगावच्या स्थानकावरून सुरतेची गाडी पकडून पोटासाठी गेलेली किती घरे तेथे वसली आहेत, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. धरण पूर कमी करते, पूर नाहीसा करीत नाही. वरच्या अंगास हतनूरचे दरवाजे उघडले म्हणजे खालच्या गावांना ती वार्ता पाण्याच्या आधी पोचली पाहिजे, एवढाच त्यातला सरळ व्यवहार आहे.

येथे एका गैरसमजाचा उलगडा करणे अवश्य आहे. आपल्याकडे नद्यांच्या काठी दोन पूररेषा ठरविण्याची पद्धत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, आणि निळी व लाल यांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. हे शब्द ऐकून मनुष्य समजतो की, शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला असेल, तर आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. नदी असे पंचांग पाहत नाही. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ, तो कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरात एक. तीस वर्षे हप्ते फेडून ज्याने लाल रेषेच्या काठावर घर बांधले, त्याला त्या मुदतीत असा पूर गाठण्याचा संभव शंभरात सव्वीस येतो. निळ्या रेषेवरील घराचा हाच हिशेब शंभरात सत्तरावर जातो. व्यापारात मुरलेला आमचा खानदेशी मनुष्य असल्या जोखमीवर कवडी लावणार नाही. पण सारा संसार मात्र तो बिनधोकपणे तेथे मांडतो!

पुराहून गुप्त असा दुसरा शत्रू म्हणजे उन्हाळा. त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्याला आपत्ती म्हणावयासच जीभ रेटत नाही. उष्माघाताने गेलेल्या म्हाताऱ्याचा मृत्यू 'वय झाले होते' या तीन शब्दांत मिटतो. शेजारच्या अहमदाबादेत मे २०१० च्या उष्म्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे पाहणीत आढळले. त्या शहराने ही गोष्ट दैवावर न सोडता २०१३ मध्ये उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली. तीत आगाऊ इशारा, रुग्णालयांची सिद्धता, पाणपोया आणि भर दुपारच्या कामाच्या वेळांत बदल, अशा साध्या गोष्टींना स्थान आहे. ज्या जिल्ह्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेथील प्रत्येक नगरपालिकेला हे अनुकरण अशक्य आहे काय?

पूर्वतयारीने काय साधते, याचे प्रमाण हवे असेल तर ओरिसाच्या किनाऱ्याकडे पाहावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये 'फायलिन' आले, तेव्हा दहा लक्षांच्या आसपास लोक आधीच सुरक्षित जागी हलविले गेले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वारा तोच, समुद्रही तोच. बदलला तो मनुष्य. आणि परप्रांताचा दाखला तरी कशाला? १९७२ च्या दुष्काळातील कामांचा अनुभव गाठीशी बांधून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो पुढे साऱ्या देशाला मार्गदर्शक ठरला. दुष्काळाच्या बाबतीत जी दूरदृष्टी आपण दाखविली, ती पूर आणि ऊन यांच्या बाबतीत का दाखवू नये?

कायद्याची उणीव नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, जिल्ह्याची योजना असावी लागते आणि तिचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. उणीव आहे ती ही की, अशी योजना कपाटात राहते आणि पाणी घरात येते. आमची मागणी अगदी साधी आहे. धरणगावसह प्रत्येक नगरपालिकेने व ग्रामपंचायतीने आपल्या गावाचा धोक्याचा नकाशा, त्यात नाल्यांची जुनी पात्रे, सखल वस्त्या, पडावयास आलेली घरे आणि आसऱ्याच्या शाळा दाखवून, पावसाळ्यापूर्वी कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लावावा. पुराच्या खुणा पुलांवर आणि चौकांत रंगवाव्यात. इशारा कोण देणार, कोणाला देणार आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसास कोण उचलणार, हे नावानिशी ठरावे. नाल्यात बांधकामास परवानगी देणाऱ्याने आपली सही कशावर होत आहे, हे आधी पाहावे.

हे सारे सरकारने करावे असे म्हणून आमच्या वाचकांस मोकळे होता येणार नाही. नाल्याकाठचा भूखंड स्वस्त मिळाला म्हणून घेणारा आणि गटारावर ओटा वाढविणारा मनुष्य बहुधा शिकला-सवरलेलाच असतो. पाणी मात्र प्रथम शिरते ते ज्याला दुसरीकडे जागाच मिळाली नाही, त्याच्या झोपडीत. आपल्या सोयीची किंमत दुसऱ्याने जिवाने द्यावी, हे कोणत्या नागरिकधर्मात बसते?

निसर्गाचे कोवळे रूप ज्यांनी मराठीत अजरामर केले, त्या बालकवींचा जन्म १८९० मध्ये याच धरणगावी झाला. त्याच निसर्गाचे उग्र रूपही ओळखणे, हे त्यांच्या गावाला शोभून दिसेल. खानदेशातील केळीचा बागाईतदार वादळाची वाट पाहत बसत नाही. वारा सुटण्याच्या कितीतरी आधी तो बागेच्या कडेला शेवरीची दाट रांग लावून ठेवतो. केळीच्या खोडासाठी जी काळजी आपण घेतो, तेवढी माणसाच्या जिवासाठी घेतली, तरी यंदाचा पावसाळा आपल्याला पुष्कळ सुखाचा जाईल.