मधली पंचाहत्तर मिनिटे

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ असते, पोचण्याची असते, आणि या दोहोंच्या मध्ये बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. प्रवास एका उड्डाणात संपणारा नसेल, तर मधल्या विमानतळावर किती वेळ मिळणार ते हा आकडा सांगतो. तिकीट काढणाऱ्या तरुण मंडळींना तो जितका लहान तितका गोड वाटतो. एकूण प्रवास तेरा तासांऐवजी सोळा तासांचा दिसला की त्यांचा चेहरा पडतो. ज्यांना प्रत्यक्ष जायचे असते त्या सत्तरीच्या माणसांना या आकड्याबद्दल कोणी विचारीत नाही. विचारले तरी ती म्हणणार, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, बाबा."

माझ्या धाकट्या बहिणीने स्टॉकहोमहून पाठविलेल्या तिकिटावर हा आकडा एक तास पंधरा मिनिटे असा होता. साल २०२४, महिना मे. तिचे दिवस भरत आले होते आणि आईला तिच्याकडे पोचवायचे होते. मला कॉलेजची सुटी होती म्हणून पोचवणारा मी. परतताना मात्र आई एकटी येणार होती, कारण बाळंतपण तीन महिन्यांचे असते आणि प्राध्यापकाची सुटी, लोकांची समजूत काहीही असो, तेवढी नसते. मुंबईहून रात्री निघायचे, फ्रँकफुर्टला सकाळी सातला उतरायचे आणि सव्वाआठला पुढचे विमान धरायचे.

सव्वा तास हा काही कोणी लहरीने ठरवलेला नसतो. प्रत्येक विमानतळाची एक किमान मुदत ठरलेली असते आणि तिच्यापेक्षा कमी वेळाचे जोडतिकीट यंत्र सहसा विकतच नाही. फ्रँकफुर्टला ही मुदत ४५ मिनिटांची म्हणून प्रसिद्ध आहे. व्हिएन्नाने तर २५ मिनिटांची शेखी वर्षानुवर्षे मिरवली. हे आकडे खोटे नाहीत. त्या वेळात माणसे खरोखर पार होतात. पण हिशेब पहिले विमान फलाटाला लागण्याच्या नियोजित वेळेपासून दुसरे सुटण्याच्या नियोजित वेळेपर्यंतचा असतो. पुढच्या विमानाचे दार त्याआधी दहा-पंधरा मिनिटे बंद होते. आपण चाळिसाव्या ओळीत असलो तर पुढच्या एकोणचाळीस ओळींच्या पिशव्या माळ्यावरून निघेपर्यंत आणखी पाव तास जातो. उरलेल्या वेळात चालायचे. तेही न चुकता, न थबकता, पाट्या वाचीत. किमान मुदत ठरवणाऱ्याच्या डोळ्यापुढे जो प्रवासी असतो त्याचे गुडघे धडधाकट असतात, त्याला इंग्रजी येते आणि सरकत्या जिन्यावर पहिले पाऊल ठेवताना तो देवाचे नाव घेत नाही.

आईच्या गुडघ्यांची कहाणी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी आई आहे त्यांना ती ठाऊक आहे. घरात, देवळात, भाजी आणायला ती चालते. अर्धा मैल भराभर चालणे तिला जमत नाही. अशा प्रवाशासाठी विमानतळावर चाकांची खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस मिळतो. जिने चढू शकणारा पण लांब न चालू शकणारा असा एक वेगळा वर्गच विमानवाल्यांच्या कोष्टकात आहे. युरोपात तर २००६ सालच्या नियमाने ही मदत विनामूल्य दिलीच पाहिजे. फक्त अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचे. मी कळवले आणि घरात रामायण झाले.

"मी काय पांगळी आहे? चार लोकांत मला खुर्चीत घालून नेणार?"

नियम, कोष्टक, वर्ग सारे सांगून झाले. उपयोग शून्य. शेवटी कुर्डुवाडी कामास आली.

आईचे माहेर बार्शीचे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने १८९७ साली सुरू केलेली अरुंद रुळांची बार्शी लाइट ही तिच्या बालपणीची गाडी. पुण्याला यायचे तर बार्शीहून त्या गाडीने कुर्डुवाडीला यायचे आणि तिथे मोठ्या रुळांवरची गाडी धरायची. बार्शी लाइट उशिरा आली की तारांबळ. मी तिला विचारले, "कुर्डुवाडीला तुम्ही काय करायचा?"

"काय करणार? आप्पा हमाल करायचे."

"ट्रंक फार जड असायची?"

"ट्रंक कसली जड! पण हमालाला ठाऊक असायचं ना, गाडी कुठं लागणार ते. तो पुढं, आम्ही मागं."

"मग हा तसाच हमाल समज. फक्त ट्रंकेऐवजी तुला नेणार."

यावर ती काही बोलली नाही. आमच्या घरी याला होकार म्हणतात.

आमचे विमान फ्रँकफुर्टला पंधरा मिनिटे उशिरा लागले. कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही. रात्रीच्या गर्दीत पंधरा मिनिटे कोणाचीही जातात. आमच्या पुढच्या रांगेतले दोन तरुण इंजिनीअर दिवा विझण्याआधीच उभे राहिले होते. दार उघडताच पाठीवरच्या पिशव्या सावरीत ते असे सुटले की शर्यतीचा घोडा पाहावा. आम्ही बसून. खुर्चीच्या प्रवाशांना शेवटी उतरवतात, ही गोष्ट तिकिटावर कोणी लिहीत नाही.

बसल्या बसल्या ओळखी झाल्या. आईच्या पलीकडे कराडकडच्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळावर आडवे कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. मुलाकडे हांबुर्गला एकट्या निघालेल्या, पहिलाच विमानप्रवास. त्यांच्याही बोर्डिंग पासवर खुर्चीची खूण होती. रात्री मात्र त्या तुरुतुरु चालत दोन वेळा विमानाच्या शेपटापर्यंत जाऊन आल्या होत्या. आईने बायकी कुतूहलाने विचारलेच, "तुमचेही गुडघे का हो?"

"छे हो," आजी म्हणाल्या, "पाय ठणठणीत आहेत. इंग्रजी लंगडतंय."

आपल्याकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांवर खुर्च्यांची मागणी फार असते, हे आता उघड गुपित आहे. चढताना खुर्चीत बसलेली माणसे उतरताना टणाटण चालू लागतात म्हणून विनोद होतात, संतापही होतो. संताप अगदीच अनाठायी नाही. खुर्च्या मोजक्या, ढकलणारे हात मोजके. पण या आजींना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना हवा होता तो कुर्डुवाडीचा हमाल. गाडी कुठे लागणार हे ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस! विमानाच्या जगात तो साध्या माणसाला मिळण्याचा फुकट आणि खात्रीचा मार्ग म्हणजे पांगळे होणे. काही कंपन्या नुसता सोबती देतात, काही ठिकाणी पैसे भरून मिळतो. पण आईबापांचे तिकीट काढणाऱ्या मुलांपैकी किती जण तशी चौकशी करतात? खुर्चीच्या चौकोनात खूण करणे सोपे.

आणि या सोपेपणाची किंमत कोण देतो तेही त्याच दहा मिनिटांत दिसले. मागच्या ओळीत कुबड्या घेऊन बसलेले एक गृहस्थ होते. त्यांना एक पाऊलही टाकता येत नव्हते. विमानातल्या अरुंद वाटेतून जाईल अशी निराळी चिंचोळी खुर्ची त्यांच्यासाठी यायची होती. दाराशी आम्हा साताआठ जणांना बसवण्याची लगबग चालू होती आणि ते शांतपणे खिडकीबाहेर पाहत होते. आई उठली, दारापर्यंत चालत गेली आणि आपल्यासाठी आलेल्या कर्मचाऱ्याला हाताने मागे दाखवीत स्वच्छ मराठीत म्हणाली, "आधी त्यांना बघा." त्याला भाषा कळली नाही, हात कळला. तो आणखी एकाला घेऊन आत गेला. यात पाच-सहा मिनिटे गेली. माझ्या पोटात गोळा आला होता. बहिणीचे दिवस भरलेले, आणि घड्याळात सात पस्तीस. पण आईला "चल" म्हणण्याची छाती मला झाली नाही.

मग मात्र जे झाले ते पाहण्यासारखे होते. फ्रँकफुर्टच्या या पहिल्या इमारतीला, १९७२ साली उघडलेल्या, 'ए', 'बी', 'सी', 'झेड' अशा शाखा आहेत. आम्ही 'बी'ला लागलो होतो आणि जायचे होते 'ए'ला. मध्ये जमिनीखालून लांबच लांब बोगदा. शिवाय स्टॉकहोमला जाणाऱ्याचा पासपोर्ट तपासतात फ्रँकफुर्टला. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्यापाशी १९८५ साली पाच देशांनी नदीतल्या बोटीवर बसून एक करार केला. त्यातून वाढलेल्या मंडळातले देश आता एकमेकांच्या वेशीवर पासपोर्ट विचारीत नाहीत. ज्या दारातून पहिल्यांदा आत शिरायचे तिथेच सारी चौकशी. म्हणजे जोडविमानाच्या सव्वा तासात परदेशप्रवेशही उरकायचा. २०२५च्या ऑक्टोबरपासून तिथे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी पद्धत सुरू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो वेळही धरायला हवा. त्यानंतर सामानाची तपासणी पुन्हा, कारण मुंबईची तपासणी युरोप ग्राह्य धरीत नाही. आईने पाण्याची बाटली तिथेच उभ्याउभ्या, म्हणजे बसल्याबसल्या, घटाघट संपवली. पाणी टाकायचे नाही हा तिचा नियम.

कर्मचारी खुर्ची घेऊन कुठल्याशा लिफ्टने उतरला, बाजूच्या दाराने निघाला आणि आम्ही पासपोर्टच्या भल्या मोठ्या रांगेच्या कडेने थेट खिडकीपाशी आलो. त्या रांगेत आमचे दोन्ही घोडे उभे होते, घामाघूम, मान उंच करून पुढची डोकी मोजीत. अधिकाऱ्याने आईला कुठे, कशासाठी असे इंग्रजीत विचारले. मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "डॉटर. बेबी." त्याने शिक्का मारला. मराठीच्या प्राध्यापकाने इतके कमी शब्दांत कधी काही सांगितले असेल असे वाटत नाही.

आठला दोन मिनिटे कमी असताना आम्ही 'ए'च्या दाराशी होतो. मागोमाग त्या दोघांतला एक धापा टाकीत आला. दुसऱ्याला पोर्तुगालला जायचे होते. त्याचे काय झाले कळले नाही. कराडच्या आजी वाटेतच दुसऱ्या मुलीबरोबर निराळ्या दाराकडे गेल्या. खुर्चीत ताठ बसून, पिशवी छातीशी धरून.

विमान चुकले असते तर आकाश कोसळले नसते, हेही सांगायला हवे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला की पुढची सोय करणे कंपनीचे काम. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याचा संबंध नाही. सामान उचला, पुन्हा रांगेत उभे राहा, नवे तिकीट घ्या. युरोपने २००४ साली प्रवाशांच्या भरपाईचा कायदा केला आणि शेवटच्या मुक्कामी किती उशीर झाला तेच मोजायचे, असे तिथल्या न्यायालयाने २०१३ साली सांगितले. हे सारे ठीक. पण चुकलेल्या विमानानंतर मदतखिडकीच्या रांगेत दोन तास उभे राहणारी आई डोळ्यापुढे आणा, म्हणजे भरपाईचा हर्ष होत नाही.

भाची जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. ऑगस्टच्या परतीच्या तिकिटावरून मात्र आम्हा भावंडांत चांगलीच जुंपली. एका तिकिटात फ्रँकफुर्टला पासष्ट मिनिटे होती, दुसऱ्यात चार तास.

"दादा, चार तास तिला तिथे एकटीला बसवायचं? आणि पहाटेचं विमान म्हणून तीनला उठवायचं?"

"आणि पासष्ट मिनिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर?"

"मग पुढच्याने येईल. तिकीट एकच आहे."

"पुढचं दुसऱ्या दिवशी आहे. रात्रभर ती कुठं राहणार?"

दोघांचेही खरे होते. मागे बाळ रडत होते. आईने फोन हातात घेतला. "चार तासवालं काढा. मला कुठं पळायचंय? आणि तो हमाल सांगून ठेवा."

त्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये फोन समोर ठेवून पेपर तपासत होतो. फ्रँकफुर्टहून एक निरोप आला, कोणीतरी तिच्या फोनवरून करून दिलेला असावा. शब्द नव्हते, नुसता अंगठा. पहाटे दोन वाजता ती सहारच्या दारातून खुर्चीत बसून आली आणि आम्हाला पाहताच उठली. तिथल्या त्या मुलीने आपल्याला दाराजवळच्या बाकावर बसवले, घड्याळावर बोट ठेवून बारा दाखवले आणि ठीक बाराला ती परत आली, हे आईने पुण्याला घरी पोचेपर्यंत तीनदा सांगितले. चहा मात्र बिनदुधाचा होता.