दुसऱ्या पसंतीचे मोल

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात एकाच नावापुढे १ चा आकडा घालून मतपत्रिका पेटीत टाकणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळ असतात. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्यांनी तरी हा बेहिशेबीपणा करू नये. या पद्धतीत निम्म्याहून अधिक मते कोणासच न पडल्यास तळाचा उमेदवार वगळून त्याची मते पुढील पसंतीप्रमाणे इतरांस देतात.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विजयास ४,१८,१६९ इतके मतमूल्य हवे होते. पहिल्या मोजणीत गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व आपल्या चिंतामणराव देशमुखांस १,१२,७६९ मिळाले. अखेर देशमुखांचीही मते वाटली, तेव्हा रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले. पण गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून निवडून आले.

आरंभी पुढे असलेलाच जिंकला, मग हा खटाटोप कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, निम्म्याहून कमी मतांवर राष्ट्रपति होणे व निम्म्याहून अधिकांवर होणे, यांत अंतर आहे. मोजणी किचकट खरी. १ चा आकडा दोघांपुढे पडला तर मतपत्रिकाच बाद, हेही खरे. परंतु पुढील पसंती न लिहिणाऱ्याचे मत त्याच्या उमेदवाराबरोबरच बुडते. त्या निवडणुकीत अखेरच्या मोजणीस दहा हजारांहून अधिक मतमूल्य कोणाच्याच पदरी पडले नव्हते.