शंभरांतले पस्तीस कोणाच्या घरांतून गेले?

इ. स. १७०० ते १७३१ हा काळ मराठी राज्याला मोठ्या उलथापालथीचा गेला. शाळेंत, सभेंत आणि कीर्तनांत या काळाची गोष्ट जशी सांगतात तशी ती आमच्या वाचकांना तोंडपाठ असेल. औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले, बाळाजी विश्वनाथांनीं राज्याची घडी बसवली, बाजीरावांनीं घोडा उत्तरेकडे उधळला, संपलें! चार वाक्यांत तीस वर्षें उरकलीं. या चार वाक्यांत नांगर कोठें आहे, ऐरण कोठें आहे, असें कोणी विचारलें तर विद्वान् मंडळी हंसतात. हंसोत बापडे! आम्ही पडलों खेड्यांतले मास्तर. मुलांकडून पाढे आणि हिशेब घोटून घेणें हा आमचा धंदा. तेव्हां आज इतिहासाचाही हिशेबच मांडणार आहों.

पहिली बाब ताराबाईंची. २ मार्च १७०० रोजीं राजाराम महाराज सिंहगडावर वारले. मागें उरली पंचवीस वर्षांची विधवा राणी, सेनापति हंबीरराव मोहित्यांची लेक, आणि पदरांत लहान पोर. समोर कोण, तर दिल्लीचा बादशहा. वीस वर्षें दक्षिणेंत तळ देऊन बसलेला, विजापूर आणि गोवळकोंडा गिळून बसलेला. साताऱ्याचा किल्ला त्यानें १७०० च्या एप्रिलांत घेतला. पुढें पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गड एकामागून एक त्याच्याकडे गेले. पण ते गेले कसे? विशाळगड आणि सिंहगड यांसारखे गड त्याला पैसे मोजून घ्यावे लागले. आणि पैसे मोजून एक गड घ्यावा तों मागला गड हातचा जावा, अशी त्याची गत झाली. १७०६ सालीं धनाजी जाधव थेट गुजराथेंत शिरले आणि रतनपूरला त्यांनीं मोगलांचा मोड केला. १७०७ च्या मार्चांत बादशहा नगरजवळ मेला. दिल्ली त्याला पुन्हां दिसली नाहीं.

सात वर्षें ही बाई लढली. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान हा शत्रुपक्षाचा माणूस. पण तिच्या कर्तबगारीची साक्ष त्यालाही द्यावी लागली. शत्रूला दिसलें तें आमच्या घरच्या पुराणिकांना कां दिसूं नये? बाजीरावांच्या नांवाचे पोवाडे खुशाल गा. आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. पण ज्या सात वर्षांत राज्य बुडायचें तें तरलें, त्या सात वर्षांना एक ओळ आणि पुढल्या वीस वर्षांना सगळें पुस्तक, हा कोणत्या तराजूचा न्याय?

येथें एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. कोणा एका जातीवर दांत खाण्यासाठीं हा लेख नाहीं. ताराबाईंच्या पाठीशीं रामचंद्रपंत अमात्य होते, शंकराजी नारायण होते, परशुराम त्रिंबक होते. हे ब्राह्मण होते आणि त्या पडत्या काळांत कामाचे माणूस ठरले, हें आम्हीं कबूल न केलें तर आमच्यांत आणि खोटा इतिहास सांगणाऱ्यांत फरक तो काय राहिला? आमचें भांडण माणसांशीं नाहीं, वहीशीं आहे. वहींत ज्याच्या हातीं लेखणी त्याची बाजू जमेला आणि ज्याच्या हातीं नांगर त्याचें नांवच नाहीं, हें आम्हांला मान्य नाहीं.

आतां दुसरी बाब. ही सात वर्षें लढाई चालली ती कोणाच्या भाकरीवर? मनुची नांवाचा इटालियन गृहस्थ त्या वेळीं हिंदुस्थानांत होता. १७०२ ते १७०४ या सालांत दक्षिणेंत दुष्काळ आणि रोगाची सांथ पडून वीस लाखांवर माणसें मेलीं, असा अंदाज त्यानें लिहून ठेवला आहे. झाडें उरलीं नाहींत, पिकें उरलीं नाहींत, शिवारांत माणसांचीं आणि जनावरांचीं हाडें पडलीं, असें तो सांगतो. भीमसेन सक्सेना हा मोगलांच्या चाकरींतला कायस्थ लेखक. तो लिहितो कीं, रयतेनें शेती टाकली, हत्यारें आणि घोडीं मिळवलीं आणि ती मराठ्यांना जाऊन मिळाली. वाचकहो, या एका गोष्टींत सगळें मर्म आहे. औरंगजेबाला कोणी जेर केलें? वैरण लपवणाऱ्यानें केलें, वाटा दाखवणाऱ्यानें केलें, पेरणी सोडून भाला घेणाऱ्या कुणब्यानें केलें. गडाच्या घेऱ्यांत रात्र जागवणारे रामोशी, महार आणि कोळी यांनीं केलें. घोड्याला नाल ठोकणारा, खोगीर शिवणारा, भाल्याला पातें बसवणारा यांनीं केलें. पण वीस लाखांतल्या एकाचें तरी नांव तुमच्या मुलाच्या पुस्तकांत आहे काय?

तिसरी बाब हिशेबाची, आणि तीच मुख्य. शाहू महाराज १७०७ च्या मे महिन्यांत मोगलांच्या कैदेंतून सुटले. ऑक्टोबरांत खेडची लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंकडे आले आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या. राज्यें दोन झालीं, म्हणजे गांवच्या पाटलाच्या दारांत वसुलाचे घोडे दोन झाले. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. मूळचे श्रीवर्धनचे, धनाजी जाधवांच्या पदरीं वसुलाच्या कामावर वर आलेले, हिशेबांत पक्के. १७१९ सालीं ते दिल्लीहून सनदा घेऊन आले. सय्यद बंधूंनीं फर्रुखसियर बादशहाला तख्तावरून ओढला त्या गडबडींत मराठी फौज दिल्लींत होती. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, स्वराज्याची सनद मिळाली, आणि तीस वर्षें कैदेंत पडलेल्या येसूबाई परत आल्या. ही कमाई लहान नव्हे. बाळाजीपंतांच्या हुषारीला आम्ही मुजरा करतों. पण त्याच फौजेंत सेनापति खंडेराव दाभाडे होते. त्याच दिल्लीच्या दंग्यांत संताजी भोसले आणि शेंकडों मराठे शिपाई कापले गेले. सनद आणणाऱ्याचें नांव राहिलें. सनदेसाठीं रक्त सांडलेल्या शिपायांचें गांवही कोणी विचारीत नाहीं.

आतां पाटी-पेन्सिल घ्या. शेतकऱ्यांकडून सरकारी वसूल शंभर रुपये आला असें धरा. त्यांतले पंचवीस रुपये चौथाई. त्या पंचवीसांची वांटणी अशी: शेंकडा २५ प्रमाणें राजबाबती, म्हणजे सव्वासहा रुपये छत्रपतींचे. शेंकडा ६ सहोत्रा, म्हणजे दीड रुपया पंतसचिवांचा. शेंकडा ३ नाडगौंडा, म्हणजे बारा आणे. ते महाराज देतील त्याचे. उरला शेंकडा ६६ मोकासा, म्हणजे साडेसोळा रुपये, ते सरदारांचे. चौथाईखेरीज सरदेशमुखीचे दहा रुपये निराळे. एकूण पस्तीस.

पस्तीसांतला प्रत्येक आणा कोणाच्या पदरांत पडला हें कागदोपत्रीं चोख आहे. तो कोणाच्या घरांतून गेला, याचें एक अक्षर कोणी उच्चारीत नाहीं! खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद, विजापूर हे ते सहा सुभे. म्हणजे खानदेशचा आणि वऱ्हाडचा कुणबी, मराठवाड्याचा कुणबी, तुमचा-आमचा सोयरा. पुढें १७२४ पासून निजामानें दक्षिणेंत आपलें बस्तान बसवलें. मग एकाच गांवावर निजामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार, असा दोअमली कारभार सुरू झाला. घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें! १७२८ सालीं पालखेडला बाजीरावांनीं निजामाला कोंडलें आणि मुंगी-शेवगांवचा तह करून चौथाई पुन्हां कबूल करविली. लढाई म्हणून ती नामी. ज्यानें घोड्यावर रात्री काढल्या त्याला मान द्यावाच. पण त्या तहानें शेतकऱ्याच्या कणगींत एक पायली तरी वाढली काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही पुढें जाणार नाहीं.

आतां आमच्याच घरांतला केर. सभेंत उठून कांहीं मंडळी म्हणतात, "पेशव्यांची नांवें पुसा, आमच्या सरदारांचीं लिहा, म्हणजे झाला बहुजनांचा इतिहास." बंधूंनो, हें सोपें औषध घेऊं नका. वरचा हिशेब पुन्हां पहा. साडेसोळा रुपयांचा सर्वांत मोठा घांस सरदारांचा आहे. शिवाजी महाराजांनीं सरंजाम तोडून रोख पगाराची शिस्त घातली होती. राजाराम महाराजांच्या संकटकाळीं सरंजाम आणि वतनें वांटण्याची वाट पुन्हां मोकळी झाली, आणि १७१९ नंतर तोच राजरस्ता झाला. परिणाम काय झाला? १ एप्रिल १७३१ रोजीं डभईला मराठ्यांनींच मराठ्यांना कापलें. एकीकडे बाजीराव पेशवे, दुसरीकडे सेनापति त्रिंबकराव दाभाडे. दोघेही शाहू महाराजांचेच चाकर. भांडण गुजराथच्या वसुलाचें. त्रिंबकराव रणांत पडले. त्याच महिन्यांत वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर यांची सरहद्द ठरली. दोन्ही भावांनीं वांटणी करून घेतली, आणि जमिनींत राबणारा होता तेथेंच राहिला. तेव्हां पेशव्याच्या जागीं सरदाराचें चित्र टांगून आपल्या घराची वही पुरी होत नाहीं.

मग चांगलें कांहीं नव्हतेंच काय? होतें, आणि तेंच नेमकें झांकलें जातें. कान्होजी आंग्र्यांकडे पहा. इंग्रज त्यांना चांचा म्हणत. चांचा कां? तर आपल्या समुद्रांत आपला परवाना घ्या, असें त्यांनीं त्यांना सांगितलें म्हणून! १७१७ सालीं इंग्रज विजयदुर्गावर आले, हात हलवीत गेले. १७१८ सालीं खांदेरीवर आले, तेंच झालें. १७२१ सालीं पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, तरी तेंच. ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले तोंवर त्यांचें आरमार कोणाला मोडतां आलें नाहीं. तें आरमार कोळ्यांनीं आणि भंडाऱ्यांनीं हांकलें, सुतारांनीं आणि लोहारांनीं उभें केलें. आज आपल्या नौदलाच्या मुंबईंतल्या तळाला आंग्र्यांचें नांव आहे. ज्या सुताराच्या रंध्यानें गलबतें तासलीं, त्याच्या नातवंडांना तरी हें कोणी सांगितलें आहे काय?

आणि एक चांगली गोष्ट. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारांत रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें आज्ञापत्र लिहिलें गेलें. आरमाराला लांकूड लागतें. पण आंबा-फणसाला हात लावूं नये, असा त्यांत हुकूम आहे. कां, तर तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत आणि रयतेनें तीं लेकरांसारखीं वाढवलेलीं असतात. एकादें झाड जुनें होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावें. राज्य कसें असावें याची पारख आम्ही या एका हुकमावर करतों. रयतेच्या फणसाची ज्याला आठवण राहिली तो कारभारी खरा. अशा हुकमांची यादी मुलांना पाठ करायला सांगा. लढायांची यादी थोडी कमी झाली तरी चालेल.

आतां करायचें काय? नुसतें कपाळ बडवून भागणार नाहीं. त्या काळचे मोडी कागद पुण्याच्या दप्तरांत लाखोंनीं पडले आहेत. सरदेसायांनीं १९३० नंतर पेशवे दप्तराचे ४५ खंड छापून काढले. पण अजून न वाचलेले रुमाल ढिगानें आहेत. त्यांत तुमच्या गांवचा सारा आहे, तगाई आहे, तंटे आहेत, तक्रारी आहेत. ते वाचणार कोण? आजवर ज्यांनीं वाचले त्यांनीं आपल्या कामाचें वेंचून घेतलें. त्यांत नवल तें काय? दर तालुक्यांतून पांच शेतकऱ्यांच्या आणि पांच कारागिरांच्या मुलामुलींनीं मोडी शिकावी. हें काम कांहीं महिन्यांचें आहे, अवघड नाहीं. गांवच्या वेशींतले वीरगळ पालथे पडले असतील ते उभे करा. घरांतले जुने कागद चुलींत घालूं नका, वाण्याच्या पुड्यांना देऊं नका. म्हाताऱ्या माणसांना विचारून शिवारांतल्या जागांचीं नांवें लिहून ठेवा.

आणि पुढल्या खेपेस कोणी वक्ता गांवांत येऊन या तीस वर्षांच्या वैभवाचें व्याख्यान झोडूं लागला, मग तो कोणत्याही जातीचा असो, तर त्याला पाणी द्या, बसायला घोंगडी द्या, आणि सगळें ऐकून घेतल्यावर एवढेंच विचारा: "महाराज, शंभरांतले पस्तीस कोणाकोणाच्या पदरांत गेले तें सांगितलेंत, ते कोणाच्या घरांतून गेले, तें आतां सांगा." तो गप्प बसला तर घाबरूं नका. फळा-खडू घेऊन तुमच्यांतल्याच एकाद्या पोरीला उभी करा. हिशेब ती मांडील.