ईस्टरनंतरची मूठ

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती बायका उपवास-प्रार्थनेचा नेम पाळतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी टीव्हीवरच्या मालिका. ईस्टर झाला की बहुतेक घरांत सारं पूर्ववत! चातुर्मास नि रमजान पाळणाऱ्या मैत्रिणीही हेच सांगतात.

पण ईस्टर येतो मार्चअखेर नाहीतर एप्रिलमध्ये. कामानिमित्त मी खेड्यापाड्यांत फिरते. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पाण्याची नि मजुरीची खरी ओढाताण त्यानंतरच सुरू होते. उपवासात आठवलेली गरजू शेजारीण मे महिन्यात जास्त अडलेली असते. मग नेम तेव्हाच कसा थांबवायचा?

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ही रीत शंभर वर्षांपासून चालू आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर वर्षानुवर्षं नेटानं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी, ऐन उपवासकाळात त्या गेल्या, तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं.

मोठा नेम मोडतो. रोजच्या कामात बसवलेला टिकतो. एक मूठ धान्य, दहा मिनिटं प्रार्थना, आठवड्यातून एका घरी विचारपूस. पाऊस पडेपर्यंत एवढं तरी चालवू या. तोवर ते अंगवळणी पडलेलं असेल.