संगोपकाची पारख

घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ सांभाळणारे छांदिष्ट जगभर आहेत. अशी टाकी उभारायला पैसा पुरतो, पण ती वर्षानुवर्षे जिवंत ठेवायला पैशापलीकडचे काही लागते. पाण्याची क्षारता दर हजारी 35 भागांच्या आसपास आणि तापमान 25 अंश सेल्सिअसच्या जवळपास राखावे लागते. ते काही दिवस दोन-तीन अंशांनी चढले, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी शैवले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. नव्या टाकीत अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. जाणता माणूस तेवढे दिवस मोजमाप करीत थांबतो. उतावळा माणूस पहिल्याच आठवड्यात टाकी भरतो आणि महिनाभरात रिकामी करतो. भारतात कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे हा छंद येथे अनुकरणाचा विषय नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्या दाराशी येऊन थांबतो : नाजूक जीव बंदिस्त जागेत सांभाळणारा माणूस चांगला कशामुळे ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर म्हैसूरकडे पाहावे. टिपू सुलतानाच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या प्रदेशात रेशीमकीटक पालन रुजले. केंद्रीय रेशीम मंडळाची केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था येथे 1961 पासून कार्यरत आहे. व्ही-1 ही तुतीची जात आणि सीएसआर मालिकेतील दुबार कीटकजाती याच संस्थेच्या. मराठवाड्यातल्या तुतीच्या बागांत आणि संगोपनगृहांत आज जे दिसते, त्यातील बरेचसे म्हैसूरहून आलेले आहे. जात आली, पद्धत आली, औषधेही आली. संगोपकाची सवय मात्र कोणत्याही पार्सलमधून येत नाही, आणि महाराष्ट्रातील रेशीम विस्तारकार्याचे खरे दुखणे येथेच आहे.

रेशीमकीटक हजारो वर्षांच्या माणसाळण्यामुळे पूर्णपणे परावलंबी झाला आहे. त्याला पाल्याच्या शोधात दूर जाता येत नाही, शत्रूपासून पळता येत नाही, पतंगाला धड उडताही येत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष करीपर्यंतच्या सुमारे 23 ते 25 दिवसांत त्याचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते. या काळात तो चार वेळा कात टाकतो. बाल्यावस्थेत त्याला 27-28 अंश तापमान आणि 80 ते 90 टक्के आर्द्रता हवी. पाचव्या अवस्थेत 24-25 अंश आणि 70 टक्क्यांच्या आसपास. म्हैसूरचे हवामान या गरजांशी बरेचसे जुळते. जालना किंवा बीडच्या एप्रिलमध्ये पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी होते, तेव्हा तेच काम पूर्णपणे माणसाच्या हाती येते. म्हणून मराठवाड्यातील संगोपक म्हैसूरच्या संगोपकापेक्षा अधिक जागरूक असावा लागतो. तेवढाच असून भागत नाही.

चांगल्या संगोपकाचे पहिले लक्षण म्हणजे न करण्याचा संयम. कीटक कातेवर बसले की पाला बंद करायचा, चुन्याची भुकटी धुरळून बेड कोरडा ठेवायचा आणि सुमारे एक दिवस शांत राहायचे, एवढेच काम असते. जवळजवळ सर्व कीटक कातेतून उठल्यावरच पुन्हा पाला द्यायचा. चार कीटक आधी उठले म्हणून कळवळ्याने पाला टाकला, तर ते पुढे जातात, बाकीचे मागे पडतात आणि बॅच शेवटपर्यंत विषम राहते. कोष एकाच वेळी होत नाहीत आणि बाजारात प्रतवारी घसरते. अशा वेळी कळवळ्यापेक्षा घड्याळ अधिक उपयोगी पडते.

दुसरे लक्षण पाहण्याचे. ग्रासरी लागलेला कीटक बेडच्या कडेने अस्वस्थ फिरतो, त्याच्या शरीराचे सांधे फुगतात आणि कातडी फुटली की दुधासारखा स्राव येतो. उझी माशीने अंडे घातलेल्या कीटकाच्या अंगावर काळा ठिपका उमटतो. ही माशी 1980 मध्ये कर्नाटकात शिरली आणि तेव्हापासून नायलॉनची जाळी व दुहेरी दार हा संगोपनगृहाचा अनिवार्य भाग झाला. ही चिन्हे पुस्तकात सर्वांना सापडतात. बेडवर ती पहिल्याच दिवशी सापडणे सवयीवर अवलंबून असते. चांगला संगोपक पाला टाकण्यापूर्वी क्षणभर थांबतो, बेड नजरेखालून घालतो, आजारी कीटक चिमट्याने उचलून जंतुनाशकात टाकतो. ते उकिरड्यावर फेकत नाही आणि कोंबड्यांपुढेही टाकत नाही.

तिसरे लक्षण स्वच्छतेचे, आणि त्यात माणसाच्या स्वभावाची खरी कसोटी लागते. पेब्रिनवर उपचार नाही. 1865 पासून लुई पाश्चर यांनी फ्रान्सच्या दक्षिण भागात या रोगाचा अभ्यास केला आणि माता-पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत रूढ केली. निरोगी अंडीपुंज आजही त्याच तत्त्वावर मिळतात. पण निरोगी अंडीपुंज अस्वच्छ शेडमध्ये आले तर पाश्चर काय करणार? दोन बॅचमधील निर्जंतुकीकरण कोणाला दिसत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. ते मनापासून करणारा माणूस वेगळा ओळखू येतो. तळहातावर तंबाखू मळून त्याच हाताने पाला टाकणारा, संगोपनगृहात डासांची कॉइल लावणारा आणि शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली हे ठाऊक असूनही कडेच्या ओळींचा पाला कापणारा शेतकरी अज्ञानी असतोच असे नाही. कीटक मरण्यास किती थोडे विष पुरते, याची जाणीव त्याच्या हाताला झालेली नसते. आयुष्यभर अळी मारायला शिकलेल्या माणसाला अळी जगवायची असते. हा पालट लहान नाही आणि तो दोन दिवसांच्या व्याख्यानांनी होत नाही.

मग विस्तारकार्यात निवड कशावर होते? जमीन, पाणी आणि कागदपत्रे यांवर. रोजगार हमी योजनेतून तुती लागवड होते, सिल्क समग्र योजनेतून संगोपनगृहाला साहाय्य मिळते. या योजना आवश्यकच आहेत. त्यांच्याशिवाय अल्पभूधारक या व्यवसायात येऊच शकला नसता. परंतु त्यांच्या अटींत संगोपकाच्या सवयीला स्थान नाही. परिणामी काही शेड दोन-तीन बॅचनंतर कांदा साठवण्यासाठी वापरल्या जातात आणि दोष व्यवसायाला दिला जातो.

याहून गंभीर चूक प्रशिक्षणात होते. प्रशिक्षणाला तो जातो ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे. पहाटे आणि रात्री पाला टाकते, काता ओळखते, बेडवरचा बदल आधी टिपते ती बहुधा घरातली स्त्री. तिला मिळते ते ऐकीव ज्ञान, तेही अर्धे. रेशीम उद्योगात स्त्रियांचा मोठा सहभाग आहे, असे प्रत्येक भाषणात सांगायचे आणि प्रशिक्षणाची खुर्ची मात्र पुरुषाला द्यायची, ही विसंगती आता तरी संपावी.

सुधारणा खर्चिक नाहीत. संगोपनगृहाला मंजुरी देण्यापूर्वी इच्छुक कुटुंबाने अनुभवी संगोपकाकडे अंडी उबवण्यापासून कोषकाढणीपर्यंत एक संपूर्ण बॅच काम करावे. प्रत्यक्ष पाला टाकणाऱ्या दोन व्यक्तींची नावे अर्जात असावीत आणि प्रशिक्षण त्यांनाच मिळावे. नियोजित जागेचे कमाल-किमान तापमान व आर्द्रता महिनाभर वहीत नोंदवून आणण्याची अट असावी. ज्याला तीस दिवस नोंद ठेवणे जमत नाही, त्याला पंचवीस दिवस कीटक सांभाळणे अवघड जाईल. विस्तार कर्मचाऱ्याने भेटीच्या वेळी कोषांच्या वजनाआधी ही वही पाहावी.

यावर आक्षेप येईल की, अशा अटींनी लक्ष्यपूर्ती मंदावेल आणि गरीब शेतकरी मागे पडेल. पहिला भाग खरा आहे. लागवडीचे एकर काही काळ कमी दिसतील. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा लागतो. फसलेल्या शेडचा भार सर्वांत जास्त गरिबालाच होतो, कारण त्याच्याकडे दुसरा हंगाम थांबण्याची ऐपत नसते. चिकाटी, नीटनेटकेपणा आणि निरीक्षण हे गुण जमिनीच्या आकारावर ठरत नाहीत. उलट दोन एकरांच्या घरात ते अनेकदा अधिक आढळतात. चॉकी केंद्रांमुळे बाल्यावस्थेतील जोखीम कमी झाली, हेही खरे. तरी एकूण पाल्याच्या सुमारे 80 टक्के पाला खाणारी पाचवी अवस्था शेतकऱ्याच्याच शेडमध्ये पार पडते, आणि नफा-तोटा त्याच सात-आठ दिवसांत ठरतो.

प्रवाळाची टाकी विझली तर एका घराचा छंद संपतो. कीटकांची बॅच गेली तर मुलांची फी, खताची उधारी आणि पुढचा हंगाम एकदम अडचणीत येतो. म्हणून शेडची लांबी-रुंदी मोजणाऱ्या टेपइतकीच काटेकोर पारख संगोपकाची व्हावी. जातिवंत बियाणे संस्था देऊ शकते. ते ज्याच्या हाती द्यायचे, तो हात ओळखण्याची जबाबदारी विस्तार यंत्रणेची आहे.