लंडनचा पगार आणि सात माणसांचे घर

लातूर-उदगीरला शिकलेला, पुण्यात किंवा हैदराबादेत आयटीत काही वर्षे काढलेला मुलगा लंडनला नोकरीला लागतो, ही आता देवणीसारख्या तालुक्यातही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यामुळेच पुढचा निर्णय फार घाईने होतो. पगाराचा आकडा घरात कळतो, कोणीतरी मोबाइलवर त्याचे रुपये करून दाखवते आणि 'आता सगळ्यांनाच घेऊन जा' असे ठरून जाते. नवरा-बायको, तीन लेकरे आणि म्हातारे आई-वडील, अशी सात माणसे. एवढे घर एकदम उचलून लंडनसारख्या महागड्या, दाटीच्या शहरात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाण्याला विरोध नाही. पण कोणी जायचे, कधी जायचे आणि कोणत्या गावात राहायचे, हे पगाराच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. ते तिथले नियम, तिथले भाडे आणि आपल्या लेकरांची वये पाहून ठरवावे लागते.

आधी पैशाचे पाहू. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पौंड आहे. पौंड 115 रुपयांचा धरला तर हे जवळपास 48 लाख होतात आणि घरातल्यांचे डोळे तिथेच दिपतात. पण आयकर आणि राष्ट्रीय विमा कापून महिन्याला हातात पडतात सुमारे 2,800 पौंड. लंडनमध्ये खासगी घराचे सरासरी भाडे 2025 मध्ये महिन्याला 2,200 पौंडांच्या पुढे गेले होते, आणि ही सरासरी लहान-मोठ्या सगळ्या घरांची. तीन लेकरांना पुरेल असे घर त्याहून महाग. म्हणजे उरलेल्या सहाशे पौंडांत पाच माणसांचा किराणा, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, बस-ट्यूबचे भाडे आणि थंडीचे कपडे. शिवाय आरोग्य अधिभार असतो. प्रत्येक प्रौढामागे वर्षाला 1,035 पौंड आणि अठराखालच्या मुलामागे 776 पौंड, व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम, तेही अर्ज करतानाच. तीन वर्षांच्या व्हिसासाठी नवरा-बायको आणि तीन लेकरांचे मिळून 13,194 पौंड होतात, म्हणजे पंधरा लाखांच्या वर. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. त्या भावाने हिशेब केला तर घरातले कोणी विमानात बसण्याआधीच सुमारे 285 क्विंटल सोयाबीन खर्ची पडले. आणि बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. कंपनी हा खर्च उचलते का, आणि उचलत असेल तर फक्त नोकरदाराचा की सगळ्यांचा, हे लेखी विचारून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

या हिशेबात आई-वडील कुठेच नाहीत, कारण तिथल्या नियमांतही ते नाहीत. या व्हिसावर सोबत नेता येते ते जोडीदाराला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना. आई-वडिलांना पाहुणे म्हणून जाता येते, एका वेळी फार तर सहा महिने. त्यांना कायम जवळ ठेवण्याचा एक मार्ग आहे, पण तो तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांसाठी, आणि त्यातही म्हाताऱ्या माणसाला रोजची शुश्रूषा लागते व ती मायदेशी मिळूच शकत नाही हे सिद्ध करावे लागते. तेव्हा 'सगळे जाऊ' हा बेत कागदावरच मोडतो. आपल्याकडे मोठे कुटुंब चालते ते आजी-आजोबांच्या बिनपगारी कामावर. सून नोकरी करते, कारण आजी लेकरांना भरवते आणि आजोबा शाळेतून आणतात. लंडनला जाताना कुटुंबाचा हाच कणा मागे राहतो. नोकरदाराच्या बायकोला तिथे काम करण्याची मुभा आहे, पण धाकटे लेकरू दोन वर्षांचे असेल तर तिच्या पगाराचा मोठा भाग पाळणाघरात जातो. सरकारी मदतीची आशा धरू नये. या व्हिसावर बालभत्ता नाही, घरभाड्याचे साहाय्य नाही, कौन्सिलचे घरही नाही. इकडे म्हाताऱ्यांसाठी देवणीत स्वतंत्र घर, औषधे आणि देखभाल चालूच राहते. पगार एक आणि चुली दोन, हे धरूनच बेत आखला पाहिजे.

यावर हमखास सांगितले जाते की, आपली माणसे मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहिली, लंडनमध्ये का राहणार नाहीत? पण मुंबईचा इतिहास नीट पाहिला तर तो या म्हणण्याच्या उलट साक्ष देतो. गिरणगावात एका खोलीत दहा-बारा गडी पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या बायका-पोरे कोकणात किंवा घाटावर असत. दाटीच्या शहराने आधी एकाला सामावून घेतले, सगळ्या घराला नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून बायका-पोरांसह मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे झोपड्यांत राहिली, आणि ती नाइलाजाने गेली होती. आपण बोलतो आहोत ते निवडीने जाणाऱ्यांबद्दल. शिवाय लंडनमध्ये दाटीला कायद्याची मर्यादा आहे. 1985 च्या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या मुलामुलींना एका खोलीत झोपावे लागत असेल, तर ते घर गर्दीचे ठरते. बारा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा मधल्या खोलीत आजीजवळ झोपतात, ही आपल्याकडची साधी गोष्ट. तिथे मुलीसाठी आणखी एक खोली लागते आणि त्या खोलीचे भाडे पडते.

सगळ्यात वजनदार आक्षेप लेकरांच्या शिक्षणाचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. तिथली सरकारी शाळा परदेशी कामगारांच्या मुलांनाही फुकट आहे, वर्गात घोकंपट्टीचा जाच कमी आहे, हे खरेच आहे. पाच-सहा वर्षांचे लेकरू तिथे सहज रुजते. पण चौदा वर्षांच्या मुलाचे काय? विद्यापीठात स्थानिक दराची फी, 2025-26 साठी वर्षाला 9,535 पौंड, साधारणपणे त्यांनाच लागू होते ज्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला आहे. तो हक्क 2025 पर्यंत पाच वर्षांनी मागता येत असे. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने ती मुदत दहा वर्षांवर नेण्याचा विचार मांडला. म्हणजे चौदाव्या वर्षी गेलेला मुलगा अठराव्या वर्षी जुन्या नियमानेही परदेशीच ठरतो, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी अनेक ठिकाणी याच्या दुपटीच्याही पुढे जाते. परत यावे तर इथला दरवाजाही अर्धा लागलेला असतो. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी राज्यातूनच झालेली लागते. ज्या लातूर जिल्ह्यात नीटच्या तयारीवर अख्खे शहर चालते, तिथल्या पालकांनी तरी ही अट आधी वाचायला हवी.

म्हणून माझा सल्ला असा. थोरले लेकरू आठ-नऊ वर्षांच्या आतले असेल, तर वर्षभर कमावत्याने एकट्याने राहून घर, शाळा आणि खर्च पाहावा आणि मग बायको-मुलांना न्यावे. थोरले आठवी-नववीत असेल, तर त्याची बारावी होईपर्यंत बाकीच्यांनी इथेच राहावे. याने नवरा-बायकोची, बाप-लेकरांची ताटातूट होते, आणि ती सोसणे सोपे नाही. पण ही रीत आपल्याला परकी नाही. लातूरच्या ट्युशन एरियात खोली घेऊन लेकरांसोबत राहणाऱ्या आणि नवऱ्याला गावी शेतीवर ठेवणाऱ्या किती तरी आया आज हेच करत आहेत. त्यांनी मुदत ठरवलेली असते, म्हणून ते निभते. दुसरे, लंडनचा हट्ट सोडावा. व्हिसाचा किमान पगार लंडनला वेगळा आणि बाहेर वेगळा नाही, तो देशभर एकच. भाडे मात्र एक नाही. ईशान्य इंग्लंडमध्ये ते सरासरी लंडनच्या निम्म्याहूनही कमी आहे. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, मराठी माणसे आहेत, हे आकर्षण मला कळते. पण सणाच्या दिवशी रेल्वेने लंडनला जाता येते, दर महिन्याचे भाडे तसे चुकवता येत नाही.

आणि तिसरे, तिकिटासाठी आणि अधिभारासाठी शेत विकू नये. मागे राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या जिवांचे पोट त्या शेतावर आहे. शिवाय परकीय चलन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. आज विकलेले चार एकर पुढे पौंडांत कमावूनही, तिकडे राहतो आहोत तोवर, त्या परवानगीशिवाय आपल्या नावावर परत घेता येणार नाहीत.