आधी अडॅप्टर पाहा

माळ्यावरून निघालेला व्हिडिओ गेम घेऊन गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, ‘चालू होईल का?’ आपल्यातले बरेच दुरुस्तीवाले ‘टाकून द्या, मोबाइलवर खेळा’ म्हणून त्याला वाटेला लावतात. सल्ला अर्धाच बरोबर आहे.

आपल्याकडचा तो खोका बहुधा निंटेंडोचा नसतोच. जपानात १९८३ साली आलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल. जुन्या नकलांत यूएमसीच्या ६५२७ आणि ६५३८ या चिप दिसतात. नंतरच्यांत सगळा कारभार एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली. ठिपक्याखालचं गेलं तर इलाज नाही, हे आधीच सांगून टाकावं. पण तसं ठरवण्याआधी अडॅप्टर, ७८०५ रेग्युलेटर, जॉयस्टिकची तुटकी वायर आणि कॅसेटच्या पिना तपासा. पिनांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा; फुंकर नको, तिच्यातला ओलावा पिना खातो.

हौसेनं बाहेरून अस्सल यंत्र मागवणाऱ्याला मात्र आधी थांबवा. फॅमिकॉमचा अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला की जळाला. शिवाय यंत्राला १० व्होल्ट डीसी लागतं, मधली पिन निगेटिव्ह. फॅमिकॉमचा अमेरिकन अवतार असलेल्या एनईएसच्या अडॅप्टरमधून ९ व्होल्ट एसी येतं. एनईएसमध्ये ब्रिज रेक्टिफायर असल्यानं ते डीसीवरही चालतं, पण तोच एसी फॅमिकॉमला दिला तर यंत्र गेलंच म्हणून समजा.

म्हणून नवख्यानं सुरुवात एम्युलेटरवरच, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. ‘गेम पूर्वीपेक्षा फास्ट वाटतो’ अशी तक्रार आली तर हसू नका. साठ फ्रेमसाठी लिहिलेला गेम आपल्याकडच्या बऱ्याच नकला पाल टीव्हीसाठी पन्नासवर चालवत, म्हणजे जवळजवळ सहाव्या हिश्श्यानं हळू. मेसेन या एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय निवडला की लहानपणचा वेग परत मिळतो.

कायद्याचंही भान हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं रीतसर प्रत असलेल्याला बॅकअप काढता येतो. आपल्या ‘६४ इन १’ कॅसेटीच मुळात चोरीच्या, त्यामुळे त्यांचा आधार घेता येत नाही. गेम भरलेली मेमरी कार्डं विकण्याच्या भानगडीत पडू नका.

एम्युलेटर हरतो तो बदकं मारायच्या गेमच्या बंदुकीपाशी. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो त्याच फ्रेममध्ये टिपतो. एलसीडीवर तो चौकोन उशिरा येतो. तोवर गेमनं नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. बदकं मारायचीच असतील, तर खरं यंत्र आणि खरी पिक्चर ट्यूब लागते. तेव्हा दुकानात चालू स्थितीतला ट्यूबचा टीव्ही पडून असेल, तर एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका.